बुटकी कुणी वाकवली?

१२ फेब्रुवारी

ति. दादास,

शिरसाष्टांग नमस्कार. पत्राची सुरुवात अशीच करायची असते म्हणून लिहिलं, त्याचा आणखी काही अर्थ काढू नकोस. आम्ही इकडे ठीक आहोत. तुम्ही तिकडे ठीक असालच. तू कायमच ठीक असतोस.

फोन करणार होते. पण फोनवर तू मध्येच बोलतोस, आणि एकदा तू सुरू झालास की मी कशाला फोन केला होता तेच विसरते. कागदावर तुला मध्ये बोलता येत नाही. निमूट वाचावं लागतं.

मला सध्या पहिली पाळी आहे. उजाडायच्या आत डेपोत जायचं, बस सुरू करायची, ब्रेकची हवा भरेपर्यंत चाकांभोवती एक चक्कर मारून यायची. नवा मार्ग दिलाय, त्यातला अर्धा रस्ता खणून ठेवलेला. भिंगरीचे बाबा साइटवर आहेत, ते महिन्याकाठी येतात. त्यांच्या कानावर तुझं प्रकरण घातलं तर म्हणाले, "तुम्हा बहीणभावांच्या भांडणात मी पडत नाही. मागच्या वेळचं अजून दुखतंय." तेव्हा लिहिणं माझ्याच वाट्याला आलं.

प्रकरण तुला ठाऊक आहे, तरी सांगते. माझी भिंगरी दर रविवारी तुझ्याकडे येते ती "मामीकडे चित्रकला शिकायला". मीही खूश होते. वहिनींचा हात चांगला आहे, पोरगी चार रेघा शिकेल. परवा तिचा स्वेटर भिजत घातला तर बादलीतल्या पाण्यावर तेलाचे रंगीबेरंगी डोळे तरंगायला लागले. म्हटलं, "काय गं, एकदम तैलरंगापर्यंत मजल गेली?" ती कानापर्यंत लाल झाली. मग जेवताना वाटी उपडी घालून, चमचा आडवा धरून मला कार्बोरेटर समजावून सांगायला लागली. मलाच. आणि सांगता सांगता बोलून गेली, "मामा म्हणाला होता आईला सांगू नकोस, ती घाबरते."

मी घाबरते! भर बाजारातून सत्तर माणसं घेऊन मी बस काढते, समोरून ट्रक आला तरी आरसा घासू देत नाही, आणि तुझ्या त्या गुडघ्याएवढ्या मोटारसायकलला घाबरते!

तरी तुला बरं वाटावं म्हणून घाबरण्यासारखं काय आहे तेही लिहिते. तिचं हेल्मेट मोठं आहे, ते डोळ्यांवर येतं, ती स्वतः म्हणाली. सायलेन्सरला जाळी नाही, पोटरी भाजेल. चेनला कव्हर आहे का? त्या जातीच्या गाड्यांची थ्रॉटलची तार अडकते, आणि अडकली की मूठ सोडली तरी गाडी पळतच राहते. हे तू तिला सांगितलंयस का? सांगितलं नसशील. कारण तुला ते माहीत नसेल. तू फक्त चालवायचास.

तर हे सगळं बंद कर. अकरा वर्षांची आहे ती. तिला खोटं बोलायला शिकवायला तुझी गरज नाही. चष्म्याचं दुकान आहे तुझं, रविवारी तेही उघडं ठेव, लोकांना नीट दिसेल.

आणखी एक. बाबांच्या म्हणून ज्या काय गोष्टी तिला सांगतोस त्या जरा आवर. ती घरी येऊन मला त्या परत सांगते, आणि मला भांडी घासता घासता ऐकाव्या लागतात. यापेक्षा जास्त लिहीत नाही.

वहिनींना नमस्कार. त्यांचा दोष नाही. असला तर थोडासाच.

तुझी,
धाकटी बहीण


२३ फेब्रुवारी

दादा,

तुझं पाकीट मिळालं. पत्र कमी, फोटोच जास्त. तू घेतलेल्या त्या लाल गाडीवर बसलेली भिंगरी, हातात पान्हा घेतलेली भिंगरी, नाकाला ग्रीस लागलेली भिंगरी. हेल्मेट नवीन घेतलंयस हे दिसलं. ते बरं केलंस.

फोटोमागे तू काय लिहिलंयस ते तुझं तुला आठवतंय का? "पोरीची बोटं बघ. कार्बोरेटरमध्ये पडलेला बारीकसा जेट चुटकीसरशी काढते. बाबा मला चिमटी म्हणायचे, आता मी हिला म्हणतो."

हे मी डेपोच्या कँटीनमध्ये उभ्या उभ्या वाचलं. माझ्या बसवरच्या कंडक्टर मावशी म्हणाल्या, "काय गं, कोण गेलं?" मी म्हटलं, "गेलं नाही कुणी. भलताच कुणीतरी उगवलाय."

बाबा तुला चिमटी म्हणायचे? तुला? तुझी बोटं तेव्हाही केळ्याच्या घडासारखी होती. शर्टाचं गळ्याचं बटण तुला आई लावून द्यायची.

तुला आठवत नसेल म्हणून लिहिते. खरं तर आठवत असणार अशीच माझी खात्री आहे, पण पोरीला सांगून सांगून तुझं तुलाच खरं वाटायला लागलं असेल, तर हे ऐक.

बाबा आठवडाभर लोकांच्या लिफ्ट दुरुस्त करायचे. रविवारी क्वार्टरमागच्या पत्र्याच्या खोलीत त्यांची बुटकी. भंगारातून आणलेली, विदेशी पोरांच्या खेळण्यातली मोटारसायकल. लठ्ठ चाकं, दोरी ओढून सुरू होणारं इंजिन, आणि मोठं माणूस बसलं की गुडघे हँडलला टेकायचे. त्या खोलीत बाबांच्या शेजारी पाटावर कोण बसायचं, दादा? वर्तमानपत्र पसरून, निघालेला एकेक भाग ओळीने कोण मांडायचं? "जो शेवटी निघाला तो आधी बसणार, चिमटे," हे ते कुणाला सांगायचे? जेटच्या बारीक भोकातून फुंकर मारताना ओठांना पेट्रोल लागायचं आणि दुपारच्या जेवणाला त्याची चव यायची. कुणाच्या जेवणाला? बाबा घरात बोलायचे नाहीत, पण त्या खोलीत गुणगुणायचे. आईलासुद्धा ते माहीत नव्हतं. मला माहीत होतं.

आणि तू? इंजिनाचा आवाज आला की तू यायचास. मैदानातून पळत यायचास, बसायचास, जायचास. आम्ही शिजवायचं, तू जेवायचं. मी कधी तक्रार केली नाही. कारण बाबांनी मला शब्द दिला होता, माझा पाय ब्रेकला पोचला की ते मला शिकवणार. मी दर रविवारी बसून बघायचे, पोचतो का. पोचत आला होता.

मग तो दिवस. बाबा ड्यूटीवर होते. तू पंपहाऊसच्या उतारावरून गाडी सोडलीस आणि फाटकावर नेऊन आदळलीस. पुढचं चाक धरणारा फोर्क इतका वाकला की चाक बाजूला तोंड करून बसलं. तुला खरचटलंही नाही. बाबा आले, खोलीत गेले, बाहेर आले. काही विचारायच्या आत तू म्हणालास, "चिमटीने काढली होती. मी नको म्हणत होतो."

नुसतं एवढंच. केवढ्या सहजपणे म्हणालास!

मी म्हटलं, "मी नाही." पुन्हा पुन्हा म्हटलं. बाबा ओरडले नाहीत. त्यांनी मारलं असतं तर मी दोन दिवस रडून विसरलेही असते. ते म्हणाले, "गाडी वाकली त्याचं काही नाही. सरळ करता येते. तू खोटं बोलतेस, त्याचं वाईट वाटतं." आणि खोलीची किल्ली त्यांनी माझा हात पोचणार नाही अशा खिळ्याला टांगली.

पुढच्या रविवारी त्यांनी तुला बोलावलं. तू गेलास, तासाभरात कंटाळून बाहेर आलास. नंतर ते एकटेच बसायचे. गुणगुणायचे की नाही ते मला माहीत नाही, मी आत नव्हते.

आणि आता तू त्या पाटावर येऊन बसलायस. आयत्या बिळावर नागोबा. गाडी घे, माझं काही म्हणणं नाही. आणखी चार घे, जुन्या बुटक्या गाड्या मिळतात तेवढ्या गोळा करून अंगणात मांड. पण माझं लहानपण तुझ्या नावावर करून माझ्याच मुलीला सांगतोस? चोर तो चोर, वर शिरजोर!

तुमच्या बुटक्या गाड्यांच्या मेळाव्याचं आमंत्रण पोचलं. तू स्टेजवरून "बाबा आणि मी" यावर दोन शब्द बोलणार आहेस. बोल की. दोन का, दोनशे बोल. फक्त ते तुझे असू देत.

भिंगरीला यातलं मी काही सांगितलेलं नाही. तुझ्याकडे जायचं नाही म्हटलं तर आधी तिने अबोला धरला. मग एका संध्याकाळी पाळीवरून आले तर मिक्सर उघडून बसली होती. सगळे भाग वर्तमानपत्रावर, ओळीने. मी दारातूनच पाहिलं आणि रागवायचं राहून गेलं. तिला मेळाव्याला पाठवीन. तिच्यासाठी, तुझ्यासाठी नाही. ती तुझ्यावर जीव टाकते आणि तो फुकट जावा असं मला वाटत नाही.

बाबांच्या शेवटच्या दिवसांतलं, हॉस्पिटलमधलं, लिहीत नाही. तू तिथे पलंगापाशीच उभा होतास.

बहीण


९ मार्च

रा. रा. चष्मेवाले यांस,

स. न. वि. वि. काल मेळाव्यात आपलं भाषण ऐकलं. छान झालं. लोक हसले, लोकांनी टाळ्या वाजवल्या, एका म्हाताऱ्या गृहस्थांनी तर रुमाल काढला.

मी येणार नाही असं तुला वाटलं होतं. मलाही तसंच वाटलं होतं. पाळी संपली आणि बस जमा करून गणवेशातच शाळेच्या मैदानावर आले. लोकांसाठी बांधलेल्या दोरीच्या अलीकडे, पाण्याच्या नळाजवळ उभी होते. सगळ्या बुटक्या गाड्या ओळीने लावलेल्या. पिवळ्या, निळ्या, एकीला तर लाकडाची सीट. केस पिकलेली माणसं त्या चिमुकल्या गाड्यांशेजारी उकिडवी बसून आपापल्या पोरांना नातवंडांना काहीतरी दाखवत होती. सगळीकडे तोच वास. मला परत फिरावंसं वाटेना.

मग तू माइक घेतलास. पत्र्याची खोली सांगितलीस. पाट सांगितलास, वर्तमानपत्र सांगितलंस. माझ्याच पत्रातून उचललंस, दादा! "जो शेवटी निघाला तो आधी बसणार" हे वाक्य तुला माझ्या पत्राआधी माहीत तरी होतं का? मी तुझ्या तोंडावर फेकलेलं तू उचलून, पुसून, लोकांना वाटलंस.

पुढचं तुला स्टेजवरून जसं दिसलं तसं मला दिसलं नाही, म्हणून मला दिसलं ते लिहिते. भिंगरी तुझ्या शेजारी लाल गाडीवर बसली होती. तिने शाळेत करतात तसा हात वर केला. "मामा, मग आई कुठे असायची?"

साधा प्रश्न होता. तिला नुसतं हवं होतं की त्या गोष्टीत कुठेतरी आपली आईही असावी. कोपऱ्यात असली तरी चाललं असतं.

तू म्हणालास, "तुझी आई? ती आतल्या खोलीत. तिला तेलाचा वास सहन व्हायचा नाही." पुन्हा हशा.

भिंगरी हसली नाही. जिच्या आईच्या गणवेशाला रोज डिझेलचा वास येतो, आणि जी आई घरी आल्यावर तो धुवायची घाई करत नाही, ती पोर त्यावर कशी हसेल? ती मान वळवून लोकांकडे बघायला लागली आणि तिला मी दिसले.

ती नळापाशी आली. हेल्मेट डोक्यावर तसंच. म्हणाली, "आई, खरं सांग."

आणि मी सांगितलं. कसं सांगायचं ते ठरवलं नव्हतं. खूप वाईट सांगितलं. फाटक, फोर्क, किल्ली, सगळं एका दमात. तुला काय काय म्हणाले ते इथे लिहीत नाही, बाजूच्या बायका पोरांना घेऊन लांब सरकल्या एवढं सांगते. ती रडायला लागली तरी मी थांबले नाही. याची मला लाज वाटते. तुझ्यावरचा राग मी तिच्या अंगावर ओतला. मधेच ती ओरडली, "मग मला आधी का नाही सांगितलंस? मी किती हसले त्याच्याबरोबर!"

मग डोळे पुसून तिने विचारलं, "आजोबांना शेवटी कळलं का?"

तेव्हा मी तिला हॉस्पिटलमधलं सांगितलं. आता तुलाही लिहून टाकते, म्हणजे "मला आठवत नाही" म्हणायची सोय राहणार नाही. बाबांना बोलताना धाप लागायची. माझा हात हातात घेऊन ते हसले आणि म्हणाले, "चिमटे, आता तरी कबूल कर. बुटकी तूच वाकवलीस ना?" थट्टेत म्हणाले. पण डोळे थट्टेतले नव्हते. इतकी वर्षं त्यांच्या मनात ते होतं. त्यांना माफ करायचं होतं मला, आणि त्यासाठी माझ्याकडून एक शब्द हवा होता. मी म्हटलं, "हो बाबा. मीच."

त्यांनी माझ्या हातावर थोपटलं. इतकं बरं वाटलं त्यांना. तो चेहरा मी विसरत नाही. मी आयुष्यात बाबांशी एकदाच खोटं बोलले, आणि त्याबद्दल मला शाबासकी मिळाली.

तू पलंगाच्या पायथ्याशी थर्मास घेऊन उभा होतास. मी तुझ्याकडे बघितलं. एक वाक्य, दादा. "नाही बाबा, मी." त्यांचा जीव गेला नसता त्याने, तो तसाही जाणारच होता. तू थर्मासचं झाकण घट्ट केलंस आणि म्हणालास, "चहा संपला वाटतं, आणतो."

हे सगळं ऐकून भिंगरी तुझ्याकडे गेली. हेल्मेट काढून तुझ्या हातात दिलं. मी मागेच होते, मला ऐकू आलं. "मामा, आजोबांच्या गाडीचा फोर्क कुणी वाकवला?"

तू तिच्या डोक्यावरून माझ्याकडे बघितलंस. म्हणालास, "बाळा, फार जुनं झालं ते. आता कुठे आठवतंय."

"मग बाकीचं जुनं कसं आठवतं?" ती म्हणाली.

घरी येताना बसमध्ये ती खिडकीशी बसली होती. आज शाळेत गेली आहे. रविवारी तुझ्याकडे येणार नाही. मी नको म्हटलेलं नाही. हे तिनेच ठरवलंय.

कळावे. लोभ नाही, तेव्हा असावा असं लिहीत नाही.

बस क्रमांक बाराची ड्रायव्हर


३० मार्च

नाव घालत नाही. पाकिटावर आहेच.

त्या दिवशी तू माझ्या बसमध्ये चढलास तेव्हा मला आधी वाटलं, गाडी बंद पडली असेल तुझी. तिकीट काढलंस, माझ्या मागच्या सीटवर बसलास आणि शेवटच्या स्टॉपपर्यंत बसून राहिलास. आरशात दिसत होतास. मध्येच तोंड उघडायचास, पुढच्या स्टॉपला माणसं चढायची, मिटायचास. बस रिकामी झाली तेव्हा उठून माझ्या बाजूला आलास आणि म्हणालास, "फोर्क मीच वाकवला होता."

मी म्हटलं, "उतरायचं दार मागे आहे."

तुला ते लागलं असणार. लागू दे. मला काय सांगतोस? मी तर तिथेच होते! सगळ्या जगात ज्या एका माणसाला हे आधीपासून माहीत आहे तिलाच तू येऊन सांगितलंस. बाबांना सांगायचं होतं, ते आता होणार नाही. राहिली भिंगरी. "भिंगरीला सांग," एवढंच मी तुला पुढे बोलले, आणि मावशींनी घंटी वाजवली म्हणून निघाले. मागून त्या म्हणाल्या, "कोण गं तो? रडत गेला." म्हटलं, "पासधारक नाही, एवढं माहीत आहे."

रविवारी तू घरी आलास ते ठीक केलंस. ज्या पद्धतीने केलंस ते ठीक नव्हतं. जिन्यात उभा राहून, खाली बघून, "तेव्हा मी लहान होतो, घाबरलो होतो" वगैरे. भिंगरीने सगळं ऐकून घेतलं. मग तिने विचारलं, "आणि हॉस्पिटलमध्ये? तेव्हा तर मोठा होतास." तू म्हणालास, "तेव्हा जास्त घाबरलो होतो."

हे मात्र खरं बोललास. मी दारामागे होते. इतक्या वर्षांत तुझ्या तोंडून मी ऐकलेलं हे पहिलं वाक्य, ज्यात मला काही खोडायला सापडलं नाही.

पण त्याने फिटत नाही. लाल गाडी जिन्याखाली सोडून गेलास, त्यानेही नाही. गाडी देऊन मोकळा व्हायचा तुझा विचार असेल, तर परत घेऊन जा. भिंगरी म्हणते गाडी राहील. तेव्हा राहिली आहे. शेजारच्या काकांची कुरकूर चालू आहे, त्यांना मी बघून घेईन.

आम्ही ती उघडली. तू केलेलं बरंचसं काम पुन्हा करावं लागलं. थ्रॉटलची तार तू अशी काही वळवून बसवली होतीस की ती एक दिवस अडकणारच होती, आणि तो दिवस माझ्या मुलीच्या वाट्याला आला असता. हे लिहिताना पुन्हा तुझा राग येतोय. आमचं कामही काही फार सुरळीत झालं नाही. मला वाटलं होतं हातांना सगळं आठवत असेल. बोटं आता जाड झालीत, स्टिअरिंग धरून धरून. जेट खाली पडला तर मला काढता येईना. भिंगरीने काढला. मी तिला चिमटी म्हणाले नाही. ती म्हणाली, "म्हण, मला चालेल." मी म्हटलं, "नको, तुझं तुला दुसरं काहीतरी शोधू."

दोरी ओढून ओढून दंड दुखायला लागला तेव्हा कुठे इंजिन सुरू झालं. काकांनी खिडकी आपटली. भिंगरी म्हणाली, "आधी तू."

मी तिला म्हटलं, माझं वय बघ, वजन बघ. ती हेल्मेट पुढे करून उभी. शेवटी बसले. गुडघे कानाशी आले असतील. इमारतीमागच्या अंगणात पाण्याच्या टाकीला वळसा घालून आले. आयुष्यातली पहिली फेरी. इतकी मोठी बस चालवणारी बाई, आणि वळणावर पाय टेकवत टेकवत गेले, भिंगरी हसून हसून जमिनीवर बसली. वरच्या मजल्यावरची पोरं टाळ्या वाजवत होती. मला वाटलं होतं त्या वेळी बाबांची आठवण येईल. नाही आली. दुसऱ्या फेरीला मी कुणाचीच आठवण न काढता चालवत होते, आणि ते फार छान होतं.

परत आले तर पोरगी म्हणते, "मामाला बोलवायचं?"

मी नाही म्हटलं. ती म्हणाली, "मी विचारत नाहीये, सांगतेय." कुणावर गेली आहे कोण जाणे. तर तुला तिचं बोलावणं येईल. ये. ती तुला आपलं म्हणते, तो तिचा हक्क आहे. मी घरी असेन. पाणी मिळेल. मी तुझ्याशी बोलेन असं धरून चालू नकोस.

माझं म्हणणं वेगळं आहे आणि ते एवढंच आहे. पुढचा मेळावा कधी आहे ते वहिनींकडून कळलं. त्याच मैदानावर, तीच माणसं असतील, रुमाल काढणारे ते गृहस्थही असतील. ज्यांच्यासमोर मला आतल्या खोलीत बसवलंस, त्यांच्यासमोर बाहेर काढ. जिन्यात नाही, बसमध्ये नाही, पत्रात नाही. माइक हातात घे. पाटावर कोण बसायचं ते सांग. फोर्क कुणी वाकवला ते सांग. आणि बाबा कुणाला खोटं समजून गेले तेही सांग. लोक हसणार नाहीत, टाळ्याही वाजवणार नाहीत. तेवढं सोसायची तयारी ठेव.

मी दोरीपाशी उभी असेन. मान खाली घालून बोलू नकोस, माइक तोंडापासून लांब धरू नकोस. मागे उभ्या असलेल्यांना ऐकू आलं पाहिजे.

तोवर,
भिंगरीची आई